अदृश्य पडदा आणि आईचं बोट

गेल्या शनिवारी आईचा फोन आला. "अरे, तुमच्या त्या अ‍ॅपात बिल भरायचं बटण दाबतेय मगासपासून, काही होतच नाही. माझी बोटंच कोरडी पडलीत बहुतेक."

बोटं ठणठणीत होती हो. घोळ आमचा होता.

तर त्याचं असं आहे. बिल लोड होत असताना आम्ही स्क्रीनभर एक करडा पडदा टाकतो, मध्ये ती गोल फिरणारी चकती. तेवढ्यात कुणी खालचं बटण दाबू नये म्हणून पडदा क्लिकेबल ठेवलेला. बिल आलं की पडद्याचा अल्फा हळूहळू शून्यावर येतो. दिसायला एकदम झकास! आयफोनवर चालतंही झकास, कारण आयओएस हिट-टेस्टिंग करताना ०.०१ पेक्षा कमी अल्फाचा व्ह्यू मोजतच नाही. अँड्रॉइड मात्र तसं मानत नाही. अल्फा शून्य झाला तरी व्ह्यू जागचा हलत नाही. 'इनव्हिजिबल' किंवा 'गॉन' केल्याशिवाय तो स्पर्श घेत राहतो. पहिला मान वरच्या व्ह्यूचा. बोट टेकल्याचा इव्हेंट त्याने खाल्ला की खालच्या बटणाला पत्ताच लागत नाही.

आमच्या कोडात 'गॉन' होतं, पण मधेच नेट तुटून परत जोडलं गेलं तर कोड ज्या वाटेने जातो, तिथे ती एक ओळ राहून गेलेली. हापिसातल्या वायफायवर ती वाट कधी लागलीच नाही. आईच्या घरी लागली.

टीममधल्या एकाचा तोडगा तयार होता: "पडदा क्लिकेबल नकोच, स्पर्श आरपार जाऊ दे." मला हे अजिबात पटत नाही. मग लोड होत असतानाच कुणीतरी पडद्याआडून 'भरा' दाबणार. दिसतं एक आणि दाबलं जातं भलतंच, याच फटीतून टॅपजॅकिंगवाले शिरतात. म्हणून तर अँड्रॉइडने २०१० साली, २.३ मध्ये, झाकलेल्या विंडोवरचे स्पर्श गाळायची सोय दिली, आणि २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ने दुसऱ्या अ‍ॅपच्या पडद्यातून आरपार येणारे बरेचसे स्पर्श स्वतःहूनच अडवायला सुरुवात केली.

माझं म्हणणं साधं आहे. जे दिसतं त्यानेच अडवावं, आणि जे अडवतं ते दिसावं. पारदर्शक कंटेनरवर दोनच बटणं असतील तर त्याने तेवढेच स्पर्श घ्यावेत. आयओएसवर त्यासाठी hitTest ऐवजी थेट युजर इंटरॅक्शनच बंद करणारे महाभाग आहेत, पण मग आतली बटणंही मरतात. हिट-टेस्ट ओव्हरराइड करा, उत्तर 'मी स्वतःच' असं आलं तर निल परत करा. चार ओळींचं काम.

"एवढ्याशा बगसाठी एवढं पुराण?" असं वाटत असेल. पण अ‍ॅप क्रॅश झालं तर निदान रिपोर्ट येतो. न पोचलेल्या स्पर्शाचा रिपोर्ट कुठेच येत नाही. माणूस दहादा दाबतो, स्वतःच्या बोटांना दोष देतो आणि गप्प बसतो. माझ्या आईला मुलाला फोन तरी करता आला.

असो. सोमवारी पहिलं काम ती एक ओळ.