पुनर्बांधणी नावाची पळवाट

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, औंढ्यात शेजारी राहतो आणि महाराष्ट्राच्या रणजी संघाचे चाहते आहोत. यांपैकी पहिली दोन विधाने कोणाला खटकत नाहीत. तिसरे उच्चारले की समोरच्याच्या चेहऱ्यावर, एखाद्याने घरातले जुने दुखणे सांगावे तशी सहानुभूती उमटते. परवा स्टाफरूममध्ये एका व्यासंगी सहकाऱ्यांनी विचारले, "असा संघ अजून आहे का हो?" सगळे हसले. आम्हीही हसलो; पण संध्याकाळच्या लोकलने लोणावळ्याला उतरून घराच्या रस्त्याला लागेपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. हा लेख त्या सहकाऱ्यांना उत्तर म्हणून लिहीत आहोत. मात्र ते एकटेच आमचे लक्ष्य नाहीत.

संघ आहे. मावळात भातलावणी चालू असते, औंढ्याच्या खाचरांतून चिखल तुडवला जात असतो, तेव्हाच्या भर पावसाळ्यात या संघाची नव्या हंगामाची तयारी सुरू होते. छपराखालचा सराव, तंदुरुस्तीची शिबिरे, संभाव्य खेळाडूंच्या याद्या. २०२५ साली ऑगस्टमध्ये संघ चेन्नईच्या बुची बाबू स्पर्धेत उतरला होता. या बातम्या क्रीडापानाच्या तळाशी चार ओळींत येतात, आणि त्या चार ओळींत हल्ली हमखास एक शब्द असतो: पुनर्बांधणी. संघ पुनर्बांधणीच्या टप्प्यात आहे, चाहत्यांनी संयम ठेवावा. आमचे भांडण या शब्दाशी आहे.

शब्द कुठून येतो ते पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या व्यावसायिक खेळांत त्याला एक नेमका, जवळजवळ हिशेबी अर्थ आहे. तिथल्या बेसबॉलमध्ये तळाशी राहणाऱ्या संघाला पुढच्या निवडप्रक्रियेत चांगला नवा खेळाडू आधी उचलण्याची संधी मिळते. म्हणजे पराभवावर व्याज मिळते. शिकागो कब्ज या संघाने २०१२ साली १०१ सामने गमावले, २०१३ च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर क्रिस ब्रायंटला घेतले आणि २०१६ साली, तब्बल १०८ वर्षांनी, विजेतेपद मिळवले. त्या मधल्या वर्षांतही फेब्रुवारी उजाडला की शिकागोच्या बर्फातून उठून माणसे अ‍ॅरिझोनाला जात, कशासाठी, तर संघाचा सराव पाहायला! त्यांना 'थांबा' असे सांगितले गेले, तेव्हा त्या थांबण्याला निदान काही योजना होती.

रणजी करंडकात अशी कोणतीही सोय नाही. इथे हरलेल्याला काही मिळत नाही. तळाला गेलेला संघ खालच्या गटात ढकलला जातो, एवढेच. म्हणून आमच्याकडे 'पुनर्बांधणी' हा शब्द वापरला जातो तेव्हा त्याचा अर्थ 'मागचे विसरा' एवढाच उरतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार नवा नसावा. ज्या शब्दामागची व्यवस्था आपल्याकडे नाही, तो शब्द उसना आणून मिरवणे आपण समीक्षेतही पुष्कळ केले आहे. असो.

विसरायला सांगतात, पण विसरायचे काय? महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ साली. दोन्ही वेळा कर्णधार दि. ब. देवधर. ते पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते, हे आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना ते खरे वाटत नाही. दुसऱ्या विजेतेपदाच्या वेळी ते ४९ वर्षांचे होते. त्याच हंगामात मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या. आज या वयाच्या माणसाला आपण पदोन्नतीच्या मुलाखतीसाठी फायली तयार करताना पाहतो.

त्यानंतर करंडक आलेला नाही. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलो. वाडेकर, सरदेसाई, गावसकर वेस्ट इंडिजमध्ये इतिहास घडवत होते, आणि त्यांच्याविना खेळणाऱ्या मुंबईनेही आम्हांला हरवले! १९९२-९३ साली पंजाबने हरवले. २०१३-१४ साली मात्र कमाल झाली. खालच्या क गटातून वर आलेल्या संघाने उपान्त्यपूर्व सामन्यात वानखेडेवर मुंबईला आठ गडी राखून लोळवले, केदार जाधवने हंगामात १,२२३ धावा काढल्या, आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने सात गडी राखून आमचे पाय जमिनीवर आणले. त्या हंगामाआधी कोणी 'पुनर्बांधणी'ची घोषणा केल्याचे आम्हांला स्मरत नाही. संघ खेळला, एवढेच.

पण आमच्या निष्ठेचे खरे दैवत म्हणाल तर ही विजेतेपदे नव्हेत आणि तो २०१४ चा अंतिम सामनाही नव्हे. ते आहे १९४९ च्या मार्च महिन्यातला पुण्यातला उपान्त्य सामना. मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या, महाराष्ट्राने ४०७. मुंबईने पुन्हा ८ बाद ७१४ वर डाव घोषित केला. चौथ्या डावात जिंकायला हव्या होत्या ९५९ धावा. नऊशे एकोणसाठ! कोणताही शहाणा माणूस अशा वेळी बॅग भरायला घेईल. महाराष्ट्राने ६०४ केल्या आणि ३५४ धावांनी सामना गमावला. एका प्रथमश्रेणी सामन्यातील सर्वाधिक २,३७६ धावांचा विक्रम आजही त्या सामन्याच्या नावावर आहे. हरणार हे ठाऊक असताना काढलेल्या त्या ६०४ धावांचे काय करायचे, हा प्रश्न आम्हांला कोणत्याही विजेतेपदापेक्षा मोठा वाटतो. त्याच हंगामात, तीनच महिने आधी, भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. आमच्या संघाचे मोठेपण नेहमी असे कुठेतरी अर्धवट राहते. आम्हांला ते तसेच हवे आहे, असे मात्र कोणी समजू नये.

आता दुसरा पक्ष. 'संघ आपला राहिलाच कुठे? बाहेरचे आणून भरताहेत,' असे म्हणणारेही आमच्या ओळखीत आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी पृथ्वी शॉ मुंबईहून आणि जलज सक्सेना केरळकडून महाराष्ट्रात आले, तेव्हा ही कुरकुर बरीच ऐकू आली. ही तक्रार इतिहासाच्या अज्ञानातून येते. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० साली महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ३१६ केल्या त्या बडोद्याविरुद्ध, आणि पुढे त्यांची कारकीर्द फुलली ती बडोद्याकडूनच. निंबाळकर कोल्हापूरचे, ते महाराष्ट्राखेरीज बडोदा, होळकर, राजस्थान आणि रेल्वेकडूनही खेळले. आणि हृषीकेश कानिटकर? वडील हेमंत कानिटकर महाराष्ट्राचे, मुलगाही वर्षानुवर्षे महाराष्ट्राचा आधारस्तंभ. त्याने कर्णधार म्हणून रणजी करंडक उचलला तो २०१०-११ आणि २०११-१२ असा लागोपाठ दोनदा, राजस्थानसाठी. त्या दोन्ही वेळी आम्हांला आनंद झाला की मत्सर वाटला, हे अजून ठरवता आलेले नाही. इकडे आपल्याच राज्यातल्या विदर्भाने वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे दोन मुंबईकर सोबत घेऊन २०१७-१८ आणि २०१८-१९ असे ओळीने दोन करंडक जिंकले, २०२४-२५ साली तिसरा. नागपूरच्या माणसाला जाफर परका वाटला नाही. संघ कोणाचा हे जन्मगाव ठरवत नाही. कोणाच्या नावाने तो मैदानात उतरतो आणि त्या नावाला ओ देणारे कोणी आहेत का, यावर ते ठरते.

नावाचा विषय निघालाच आहे, तर पुण्याच्या आयपीएल संघांविषयी बोलले पाहिजे. 'तुम्ही त्या मेलेल्या रणजीला कवटाळून का बसता, शहराचा संघ धरा,' असा उपदेश आम्हांला २०११ साली झाला होता. पुणे वॉरियर्स २०१३ नंतर नाहीसा झाला. मग २०१६ साली रायझिंग पुणे सुपरजायंट्स आला. दुसऱ्या वर्षी त्याने नावातले अनेकवचन काढून एकवचन केले (व्याकरणाच्या शिक्षकांना एवढे एक काम त्या संघाने पुरवले), २०१७ चा अंतिम सामना एका धावेने गमावला आणि तोही गेला. त्या संघाचे टीशर्ट आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी अजून असतील. त्यांनी निष्ठा ठेवायची ती कोणाशी? मालक संघ गुंडाळतो तेव्हा चाहत्याला हरण्याचीसुद्धा संधी उरत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. २०१८ साली चेन्नईचे सामने कावेरी प्रश्नावरील आंदोलनामुळे पुण्याला हलवले गेले, तेव्हा तिथले चाहते खास रेल्वेगाडीने पुण्यापर्यंत आले. दोन वर्षांच्या बंदीतून नुकत्याच सुटलेल्या संघासाठी ती माणसे हजारावर किलोमीटरचा प्रवास करून आली. मालकीच्या संघावर खरी निष्ठा बसूच शकत नाही, असे आम्ही त्याआधी वर्गात मोठ्या आवाजात सांगत असू. आता आवाज थोडा खाली आणला आहे.

ते पाहुणे आले ते गहुंज्याला, म्हणजे आमच्याच मावळ तालुक्यात. पूर्वी रणजी सामने पुण्यात स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. एसटीतून उतरायचे आणि चालत जायचे. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले ते याच मैदानावर. नवे स्टेडियम द्रुतगती मार्गाला लागून आहे, आणि त्या मार्गावर दुचाकीला बंदी! स्टेडियम देखणे आहे यात शंका नाही, पण ते मोटारवाल्यांसाठी बांधले आहे. रिकाम्या वेळी सायकलवरून डोकावणारा मुलगा, कॉलेज बुडवून दोन षटके पाहणारा विद्यार्थी, निवृत्त कारकून, ही रणजीची खरी प्रजा. तिला रस्ताच ठेवला नाही, आणि मग म्हणायचे की देशी क्रिकेटला प्रेक्षक नाही. पुनर्बांधणी करायचीच असेल तर इथून सुरुवात करता येईल.

या प्रजेबरोबर भाषाही चालली आहे. बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळले आणि पुढे आकाशवाणीवरून त्यांनी मराठी समालोचन घराघरांत नेले. निर्धाव षटक, पायचीत, त्रिफळा, यष्टिचीत हे शब्द कानाला सरावले ते अशा संथ दुपारच्या प्रसारणांतून. निर्धाव षटक म्हणजे काय, असे यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारले, तर एका मुलीने 'धाव न घेणारा घोडा' असे उत्तर दिले. उत्तर सुंदर होते, चुकीचे होते. ज्या खेळप्रकारात निर्धाव षटकाला किंमतच उरली नाही, त्यात तो शब्द तरी कसा टिकावा?

आमच्या निष्ठेचा अर्थ मौन असा कोणी लावू नये. भाबडा चाहता सगळे माफ करतो आणि हिशेबी चाहता संघ बदलतो. कारभाऱ्यांना दोघेही सोयीचे, कारण दोघेही प्रश्न विचारत नाहीत. आम्हांला १९७१ आठवतो, १९९३ आठवतो, २०१४ आठवतो. ही यादी समोर ठेवून दर पावसाळ्यात आम्ही नव्या संभाव्य खेळाडूंची नावे वाचतो, कोण का वगळला यावर तावातावाने भांडतो, आणि हिवाळ्यात एखादा दिवस रजा टाकून गहुंज्याला जातो.

मागे एकदा असेच गेलो होतो. वडगावची टपरी, तळेगाव, देहूरोडला उतरून रिक्षा. आत गेलो तर प्रचंड कठड्यांवर माणसे अकरा. आम्ही धरून तेरा. मैदानाच्या कडेला टिटवी ओरडत होती, आणि यष्टिरक्षक गोलंदाजाला काय सांगतो ते शब्दन्‌शब्द ऐकू येत होते. दोन रांगा सोडून टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बराच वेळ त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग विचारले,

"सर, तुमचा मुलगा खेळतो का यात?"

"नाही हो, काका. आम्ही नुसतेच आलोय."

त्यांनी थोडे सरकून जागा करून दिली, भुईमुगाच्या शेंगांची पुडी पुढे केली, आणि आम्ही पोहोचण्याआधीची सगळी षटके, कोण कसा बाद झाला त्यासह, पहिल्यापासून सांगायला घेतली.