वाचून काय मिळणार?

‘मिस मार्जोरीबँक्स’ वाचतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कशासाठी? पीएचडी करताय? नाही. भाषांतर? तेही नाही. मजा येतेय म्हणून वाचतोय. यावर लोक असे बघतात, जणू भर दुपारी ऑफिस सोडून पत्ते कुटताना मला पकडलंय.

डिकन्स असता तर कुणी हटकलं नसतं. हार्डी तर अभ्यासक्रमाने पिढ्यान्‌पिढ्या घशाखाली उतरवलाय. पण ‘मिस मार्जोरीबँक्स’ लिहिणारी मार्गारेट ऑलिफंट? ही कोण बुवा? नव्वदहून अधिक कादंबऱ्या लिहिणारी, १८५९ मध्ये नवरा गेल्यावर स्वतःची आणि पुढे भावाचीही पोरं लेखणीवर पोसणारी बाई. तिच्यावर गाइडं निघाली नाहीत, म्हणून ती दुय्यम. आधी गाइड, मग थोरवी, असा आपला उफराटा कारभार.

१८६६ च्या या कादंबरीतली लुसिला शिक्षण आणि परदेशवारी उरकून घरी येते, ती विधुर डॉक्टर बापाला सुखात ठेवण्याचा विडा उचलूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेब न्याहारीला खाली उतरतात, तर त्यांच्या जागेवर ही बसलेली, समोर चहाची किटली. ना भांडण, ना आदळआपट, सत्तांतर झालेलं. मग दिवाणखान्याला फिका हिरवा रंग. का? तर तो तिच्या कांतीला खुलतो! तिथे दर गुरुवारी मंडळी जमवून ती अख्खं कार्लिंगफर्ड गाव मुठीत घेते. वर आपण हे निव्वळ कर्तव्य म्हणून करतोय, अशी तिची अगदी प्रामाणिक समजूत. ऑलिफंटबाई तिला हसतात, पण तिच्या बाजूने. तिने जरा हळवं व्हावं, असं प्रकाशक ब्लॅकवुडला वाटत होतं. बाईंनी साफ धुडकावलं.

पाचशेच्या आसपास पानं आहेत. थरारासाठी माळ्यावर कोंडलेली वेडी बायकोही नाही. वर्षाला शंभर पुस्तकांचा संकल्प सोडणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये, आकडा बिघडेल.

आणि सेमिनारवाले विचारतात, साम्राज्यवाद कुठाय यात? आहे की! लुसिलाने नाकारलेला चुलतभाऊ टॉम वकिली करायला थेट हिंदुस्थानात येतो. लिहा त्यावर पेपर, वाचा, प्रवासभत्ता उचला. तेवढ्या वेळात मी, लुसिला त्या खमक्या स्वयंपाकिणीला, नॅन्सीला, कशी गुंडाळते ते पुन्हा वाचून काढतो.