समाधानाचे धडे आम्हाला देऊ नका

आमच्या ऑफिसात एकदा आनंदाची कार्यशाळा झाली. मार्चअखेरचं काम डोक्यावर असताना सगळ्यांना दोन तास बसवून ठेवलं. वक्त्यानं प्रत्येकाच्या हातात कोरी वही दिली आणि सांगितलं, रोज झोपण्यापूर्वी आभार मानण्यासारख्या तीन गोष्टी लिहा. त्याच महिन्यात आम्ही अकरा बायकांनी अर्ज केला होता, साडेनऊऐवजी साडेदहाला येऊ द्या, संध्याकाळी तासभर उशिरा सुटू. अर्ज नामंजूर झाला. कारण कुणी सांगितलं नाही.

मी बदलापूरला राहते. एकवीस वर्षं फोर्टात नोकरी केली. घरापासून स्टेशन, गाडीची वाट, सीएसएमटीपर्यंतचा दीड तास, पुढची चाल. जाऊन-येऊन चार तास. वर्षाचे २८० दिवस धरले तर ११२० तास होतात, म्हणजे रात्रंदिवसाचे ४६ दिवस. एकवीस वर्षांची दोन वर्षं आठ महिने. एवढं आयुष्य मी दुसऱ्याच्या कोपराखाली उभं राहून घालवलं, आणि वर मला सांगण्यात आलं की आनंद आपल्या आतच असतो.

हे खोटं आहे. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदला दिवस तुकड्या-तुकड्यानं आठवायला लावला आणि प्रत्येक तुकड्यात कसं वाटत होतं ते विचारलं. २००४ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. सकाळी कामावर जातानाचा प्रवास यादीत अगदी तळाला होता. त्या बायका बहुतेक आपापल्या गाडीत, बसून जाणाऱ्या. आमच्या लेडीज डब्यात तिघींच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तरी दिवस चांगला गेला म्हणायची पद्धत आहे. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई जास्त पगारानं किंवा स्वस्त घरानं व्हायला हवी, असं अर्थशास्त्र मानतं. ती होत नाही, असं त्यांना आढळलं. प्रवास जितका लांब तितकं समाधान कमी. बदलापूरला घर घेताना आम्ही नेमका हाच हिशेब मांडला होता. घर स्वस्त पडलं. त्याची उरलेली किंमत मी रोज चार तासांनी फेडत होते.

आणि या सगळ्याचं कौतुक होतं, याची मला खरी चीड आहे. लोकलमध्ये भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो वर्षानुवर्षं छापून येतात. खाली जिद्द, हसतमुख, मुंबईचं स्पिरिट असले शब्द. अहो, ती बाई गवार मोडते आहे कारण आठ वाजता घरात पाऊल टाकल्यावर ती मोडून देणारं दुसरं कुणी नाही. डब्यात हळदीकुंकू होतं कारण घरी करायला वेळ उरलेला नाही. डब्यातल्या मैत्रिणींनीच मला सावरलं, ते ऋण मी विसरणार नाही. पण मैत्री आमची होती. तिचं श्रेय गर्दीला देऊ नका.

कार्यशाळेच्या त्या वक्त्यानं तुकोबांचा दाखलाही दिला. दुष्काळात घरातली माणसं गेली आणि नंतर ज्यांनी सावकारीची आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं चरित्रं सांगतात, त्या तुकोबांचा! आहे ते गोड मानून घ्या, हे पटवायला त्याला हाच माणूस सापडला. आयुष्य मुळापासून उलटं करणाऱ्याला चालवून घेण्याचा संत करून टाकणं हा त्यांचा अपमान आहे.

मी नोकरी कशी सोडली ते सांगते. तापानं चार दिवस घरी होते. पाचव्या दिवशी सकाळी अकराला खाली उतरले, तर गेटवरच्या भाजीवालीनं विचारलं, ‘ताई, नवीन राहायला आलात का?’ त्या इमारतीत मला चौदा वर्षं झाली होती. त्या रात्री मी जेवले नाही.

पण राजीनामा दिला तो आठ महिन्यांनी, घराचा शेवटचा हप्ता गेल्यावर. मनाचं ऐका, झोकून द्या, असं व्यासपीठावरून सांगणारे हा हप्ता कधीच मोजत नाहीत. माझ्या डब्यातल्या बायकांचं मन गप्प नाही. ते रोज ओरडतं. त्यांच्या खात्यातून पाच तारखेला रक्कम कापली जाते म्हणून त्या थांबतात, आणि तुम्ही त्यांना भित्र्या ठरवता. स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञानं मोठ्या निर्णयावर अडलेल्या लोकांना नाणेफेकीचा कौल देऊन पाहिला. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. २०२१ साली छापून आलेल्या त्या संशोधनात, नोकरी सोडण्यासारखा मोठा बदल केलेली माणसं सहा महिन्यांनी जास्त सुखी आढळली. मला ते पटतं. पण नाणं उडवायला आधी ते हातात राहावं लागतं.

आता अंबरनाथला एका लहान कारखान्यात हिशेब लिहिते. पगार जवळजवळ निम्मा झाला, आणि ते मला जाणवतं, महिनाअखेरीला फार जाणवतं. तरी संध्याकाळी सहाला मी घरी असते. उजेड असतो. त्या भाजीवालीला माझं नाव माहीत आहे.

सगळ्यांना अंबरनाथला नोकरी मिळणार नाही, म्हणूनच मी हे लिहिते आहे. कार्यालयांच्या वेळा पुढेमागे करा, अशी विनंती मध्य रेल्वेनं २०२३ मध्ये मुंबईतल्या आस्थापनांना पत्रं पाठवून केली होती. म्हणजे ही काही आम्हा अकरा जणींची लहर नव्हती. त्यांतल्या सात जणी अजून सकाळच्या त्याच गाडीला आहेत. त्यांना वही नको आहे. साडेदहाची वेळ द्या.