'शब्दयोगी' की 'क्रियायोगी'?

'गो', 'कम', 'गेट', 'रन', 'टर्न' या इंग्रजीतील साध्या गतिवाचक क्रियापदांपुढे 'इन', 'आऊट', 'अप', 'ऑफ' यांपैकी काय यावे याला नियम नाही, ते पाठच करावे लागते, असे एक शिक्षक सांगतो. मराठीत असली श्रीमंतीच नाही, असे दुसरा सांगतो. दोघे वेगवेगळे बोलत आहेत असे वरवर वाटते. आमच्या मते मात्र ही एकाच अज्ञानाची दोन तोंडे आहेत. पहिल्याने इंग्रजीकडे नीट पाहिलेले नाही आणि दुसऱ्याने मराठीकडे. या दोघांच्या मध्ये सापडतो तो विद्यार्थी.

हा विद्यार्थी आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. मावळातल्या खेड्यांतून एसटीने किंवा लोकलने तो कॉलेजात येतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. म्हणजे बारावी होईतो बारा वर्षे त्याने ही भाषा गिरवलेली असते. तरीही तो 'एन्टर्ड इनटू द रूम', 'रीच्ड टू पुणे', 'रिटर्न्ड बॅक' असे लिहितो. पुढे लोणावळ्याच्या हॉटेलात किंवा तळेगाव-चाकणच्या कारखान्यात मुलाखतीला बसला की याच चुकांवरून त्याची अक्कल जोखली जाते. प्रश्न गुणांपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती.

मुळात या चुका अडाणीपणाच्या नाहीत. 'शिरणे' हे क्रियापद 'त' मागते: खोलीत शिरला. 'पोचणे' हे 'ला' मागते: पुण्याला पोचला. विद्यार्थी आपल्या भाषेचा नियम इमानाने इंग्रजीत नेतो. त्याला सांगायला हवे ते इतकेच की दोन्ही भाषा दिशेचे ओझे वेगवेगळ्या खांद्यांवर देतात. 'पोरगा धावत विसापूर उतरला' या वाक्यात खाली येण्याचा अर्थ 'उतरला' या क्रियापदात आहे. कसा उतरला ते 'धावत' सांगते. इंग्रजीत हे उलटे होते. 'रॅन' हे क्रियापद रीत सांगते आणि 'डाऊन' हा चिमुकला शब्द वाट सांगतो. तसेच 'पोहत इंद्रायणी ओलांडली' याचे 'स्वॅम अक्रॉस' होते. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जगातील भाषांचे याच अंगाने वर्गीकरण मांडले: वाट क्रियापदात ठेवणाऱ्या भाषा आणि ती क्रियापदाबाहेर ठेवणाऱ्या भाषा. मराठी बहुतांशी पहिल्या गटात बसते. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की 'आत जा', 'बाहेर ये' ही दुसऱ्या गटाची रीतही तिच्यापाशी आहे. पण चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे, परतणे, वळणे, पोचणे ही तिची खरी मिळकत होय.

एवढे समजले की 'एन्टर'चे कोडे आपोआप सुटते. 'एन्टर', 'असेन्ड', 'डिसेन्ड', 'रिटर्न' ही क्रियापदे लॅटिनच्या वंशातली, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेली. त्यांच्या पोटात दिशा आधीच भरलेली आहे, अगदी आपल्या 'उतरणे'सारखी. म्हणून खोलीत शिरताना 'इनटू' नको, परतताना 'बॅक' नको. 'रीच'चे कुळ वेगळे असले तरी पोचण्याच्या अर्थी त्याची वागणूक तशीच. अवघ्या दहा मिनिटांत सांगता येणारी ही गोष्ट न सांगता आपण वर्षानुवर्षे गाळलेल्या जागा भरून घेतो.

या अनास्थेचे मूळ आम्हाला परिभाषेतही दिसते. इंग्रजीतील 'प्रिपोझिशन' म्हणजे मराठीतील 'शब्दयोगी अव्यय' असे समीकरण शाळेत एकदा फळ्यावर लिहिले जाते आणि कायमचे डोक्यात बसते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी व्याकरणावर इंग्रजी चौकटीची छाया असल्याची तक्रार आपण ऐकत आलो आहोत. इथे तर त्या चौकटीचाही नीट उपयोग झालेला नाही. 'ही टर्न्ड ऑफ द रोड' आणि 'ही टर्न्ड ऑफ द लाइट' ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात तो रस्ता सोडून वळला, दुसऱ्यात त्याने दिवा मालवला. दिव्याच्या वाक्यात 'ऑफ' उचलून शेवटी ठेवता येतो, रस्त्याच्या वाक्यात नाही. कारण पहिल्या वाक्यात 'ऑफ'चे नाते रस्त्याशी आहे, दुसऱ्यात क्रियापदाशी. पहिला शब्दयोगी म्हणा हवे तर. दुसरा सरळसरळ क्रियायोगी आहे.

हा भेद भारतीय व्याकरणाला परका आहे काय? मुळीच नाही. पाणिनीने 'प्र', 'अनु', 'उप' इत्यादींना क्रियेच्या योगात उपसर्ग म्हटले आणि त्यांतलीच काही नामाशी संबंध दाखवू लागली की त्यांना कर्मप्रवचनीय असे वेगळे नाव दिले. 'गम्' या एका धातूपासून आगमन, निर्गमन, अनुगमन, उद्गम, संगम हे सारे शब्द झाले, हे आपला विद्यार्थी जाणतो. 'अवगम' म्हणजे खाली जाणे नसून समजणे, हेही त्याला खटकत नाही. संस्कृताने जे धातूच्या आधी जोडले ते इंग्रजी नंतर ठेवते, एवढे सांगितले तर 'गो'च्या परिवाराची भीती उरेल काय?

आता मराठीच्या कथित दारिद्र्याकडे वळू. 'अंगावर येणे', 'अंगाशी येणे' आणि 'अंगात येणे' हे तीन प्रयोग घ्या. नाम तेच, क्रियापद तेच. पण पहिल्यात माणूस हल्ला करतो, दुसऱ्यात केलेली गोष्ट त्याच्यावरच उलटते आणि तिसऱ्यात देवी संचारते. यापुढे इंग्रजीतील कोणते जोडक्रियापद अधिक अवघड आहे? गावाला जायचे तर 'पुण्याला', प्रदेशात जायचे तर 'कोकणात', माणसाकडे जायचे तर 'आईकडे', आणि घर मात्र यांतल्या कशालाही दाद न देता 'घरी'. इंग्रजीतही नेमके घरच 'टू' नाकारते: 'गो होम'. 'लोहगडाला गेलो' आणि 'लोहगडावर गेलो' यांतला फरक मावळातल्या पोराला न शिकवता कळतो. हे सारे भाषिक भांडवल त्याच्या गाठीशी असताना आपण त्याला भिकारी ठरवतो.

मराठीच्या अभ्यासक्रमांनी तरी या भांडवलाचे काय केले? 'अंगाशी येणे' वाक्प्रचारांच्या यादीत टाकले. 'वर', 'आत', 'कडे' यांना स्थलवाचक, कालवाचक, हेतुवाचक अशा कप्प्यांत कोंबले. कोणते क्रियापद कोणत्या प्रत्ययाची अपेक्षा धरते हा खरा प्रश्न दोन प्रकरणांच्या मधल्या फटीत पडून राहिला.

दिशेचे शब्द मनमानी असतात, या आक्षेपाला तर आमच्या दारातली रेल्वेच उत्तर देते. १८६३ साली पूर्ण झालेल्या बोरघाटातल्या लोहमार्गावर ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे. मागे बँकर इंजिने लावून धापा टाकत कर्जतहून लोणावळ्याला चढणारी गाडी 'डाऊन', आणि घाट उतरून मुंबईकडे जाणारी 'अप'! इथे 'अप' म्हणजे उंचीकडे नव्हे, तर मुख्य ठाण्याकडे. कोकणातला माणूस सपाट देशावरच्या माणसालाही 'घाटावरचा' म्हणतो. तिथेही बोलणाऱ्याची जागाच अर्थ ठरवते. आमचे 'उतरणे' तरी काय? ज्या संस्कृत शब्दापासून ते आले त्यातला 'उत्' वर जाणारा आहे. या बदलांना मनमानी म्हणणे म्हणजे शोध घेण्याचे टाळणे होय.

इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, मराठी मध्ये आणू नये, असे काही विद्वान सांगतील. त्यांना आमचे उत्तर असे की मराठी मध्ये असतेच. फक्त ती विद्यार्थ्याच्या मनात, चोरून आणि चुकीच्या समीकरणांसह वावरते. तिला फळ्यावर आणले तर ती सुधारता येते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी मराठीचा विटाळ मानला नव्हता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि महाविद्यालयांतून सोहळे झाले. सोहळ्यांना आमचा विरोध नाही. पण अभिजात भाषेच्या विभागाने 'येणे' आणि 'जाणे' या दोन क्रियापदांचा सप्रत्यय संसार मांडून दाखवू नये आणि शेजारच्या इंग्रजी विभागाने तो मागूही नये, ही स्थिती त्या दर्जाला शोभत नाही. येत्या सत्रात दोन्ही विभागांनी एकाच वर्गात, एकाच फळ्यावर, 'उतरणे' आणि 'गेट ऑफ' शेजारी शेजारी लिहावेत. ज्यांना हे कमीपणाचे वाटते त्यांनी निदान मराठीच्या दारिद्र्याच्या गप्पा तरी बंद कराव्यात.