पदरचे पैसे आणि कादंबरीची पत

'पुस्तक त्यांनी स्वतःच काढलंय' असे कोणी म्हटले की आपल्या साहित्यवर्तुळात ते पुस्तक उघडून पाहण्याची गरज संपते. परीक्षणासाठी आलेली प्रत बाजूला पडते, परिसंवादाच्या यादीतून लेखकाचे नाव गळते, आणि कादंबरी बरी की वाईट हे कोणी विचारतच नाही. हा न्याय मला मान्य नाही. त्याच्या उलट बाजूने 'आता प्रकाशक हवाच कशाला' म्हणत आलेला नवा उत्साहही मला मान्य नाही. दोन्ही पक्षांत लेखकाचे आणि कादंबरीचे नुकसान आहे.

आधी जुना आक्षेप त्याच्या बळकट रूपात मांडतो. प्रकाशक स्वतःचे भांडवल घालतो म्हणून तो पारखून घेतो. श्री. पु. भागवतांसारखा संपादक हस्तलिखित हाती घेई, तेव्हा लेखकाला पुन्हा पुन्हा मजकुराकडे वळावे लागे. रा. ज. देशमुखांनी 1963 मध्ये 'कोसला' काढली, तेव्हा एका तरुणाच्या, रूढ कादंबरीशी फारकत घेतलेल्या पहिल्याच कादंबरीवर त्यांनी पैसा लावला होता. दुसऱ्या कोणाला तरी हे लेखन इतके पटले की त्याने खिशात हात घातला, ही गोष्ट साधी नव्हे. स्वतः छापणारा लेखक ही परीक्षा देतच नाही, असे आक्षेपकांचे म्हणणे.

या प्रकाशकाविषयी मला आदर आहे, आणि तसे प्रकाशक आजही आहेत. पण नवोदित कादंबरीकाराच्या वाट्याला ते किती येतात? बहुतेकांना पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही किती प्रती उचलाल?' कुठे छपाईचा निम्मा खर्च मागतात, कुठे शंभर-दोनशे प्रती आगाऊ विकत घेण्याची अट असते. पुस्तकावर नाव संस्थेचे, पैसे लेखकाचे आणि संपादन कोणाचेच नाही. मुद्रिते तपासण्याचे कामही लेखकाच्याच गळ्यात. एके काळी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघे, आता तीनशे-पाचशेवर भागते, त्यामुळे प्रकाशकाची अडचणही मला कळते. पण मग चाळणीचा दाखला कशाच्या बळावर द्यायचा? लेखकाच्या पैशाने निघालेले पुस्तक संस्थेचा शिक्का घेऊन आले तर 'प्रकाशित', आणि तेवढ्याच पैशात लेखकाने उघडपणे काढले तर 'हौशी', हा भेद साहित्याचा नाही, निव्वळ शिक्क्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक खोल रुजलेला: लेखकाने विकायला बसू नये, त्याने प्रतिभा विटाळते. आपल्याच इतिहासात याला उत्तर आहे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः आली. मराठी कादंबरीचा पाया ज्या लेखनावर उभा आहे, ते लेखकाने स्वतः चालवलेल्या पत्रातून वाचकांपर्यंत पोचले. डॉ. श्री. व्यं. केतकरांचे उदाहरण तर आजच्या प्रत्येक स्वप्रकाशित लेखकाने बारकाईने वाचावे असे आहे. ज्ञानकोशासाठी त्यांनी चक्क मर्यादित कंपनी काढली, भागभांडवल जमवले, वर्गणीदार मिळवण्यासाठी प्रांतभर हिंडले, माणसे हिंडवली, आणि 23 खंड तडीस नेले. वर 'माझे बारा वर्षांचे काम' लिहून त्या सगळ्या व्यवहाराचा इतिहासही लोकांपुढे ठेवला. याच माणसाने पुढे 'ब्राह्मणकन्या'सारखी, विचारांनी आजही अस्वस्थ करणारी कादंबरी लिहिली. गावोगाव वर्गणीदार शोधताना त्यांनी जो महाराष्ट्र पाहिला असेल तो पुण्यातल्या खोलीत बसून दिसला नसता, असे मला वाटते. वाचकाला समोरासमोर भेटणे हे लेखकाचे शिक्षण आहे. त्याला विटाळ म्हणणाऱ्यांनी आपट्यांना आणि केतकरांना कुठे बसवायचे ते सांगावे.

आता दुसरा पक्ष. त्यांच्याकडे नावांची माळ तयार असते. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला भाग 1913 मध्ये ग्रासे या प्रकाशनाने लेखकाच्या खर्चाने छापला. अमीश त्रिपाठींच्या 'इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'ला प्रकाशकांनी नकार दिले, 2010 मध्ये ती स्वबळावर आली आणि भरघोस खपली. अँडी वीअरने 'द मार्शियन' आधी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली, मग किंडलवर, आणि 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाने ती घेतली. सगळे खरे. पण नकार मिळालेली प्रत्येक कादंबरी प्रूस्तची नसते, आणि जी बुडाली त्यांची नावे माळेत नसतात. शिवाय यांतल्या यशाचे काम कसे झाले ते सांगितले जात नाही. अमीश व्यवस्थापनशास्त्र शिकलेले आणि वित्तक्षेत्रात मुरलेले. त्यांच्यासोबत एजंट होता, पहिले प्रकरण छापून ते दुकानांच्या गल्ल्यावर फुकट वाटण्याची योजना होती. व्हर्जिनिया वुल्फच्या हॉगार्थ प्रेसचा दाखलाही असाच अर्धवट देतात. 1917 मध्ये जेवणघरात ठेवलेल्या लहानशा हातछपाई यंत्रावर तिने स्वतः खिळे जुळवले हे खरे. 1922 मध्ये 'जेकब्ज रूम' तिथूनच निघाली आणि त्यानंतर कोणत्याही बाहेरच्या प्रकाशकाची मर्जी न सांभाळता ती हवे तसे लिहू शकली, हेही खरे. पण हिशेब, पत्रव्यवहार आणि विक्री पाहायला तिचा नवरा लेनर्ड होता. स्वतः प्रकाशित करणे आणि एकट्याने प्रकाशित करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा उत्साह लेखकाला दुसऱ्या वाटेवर ढकलतो आणि पहिलीचे श्रेय दाखवतो.

आता किंडलवर मराठी पुस्तके स्वतः चढवता येतात, मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्या कंपन्या आहेत. ही सोय मला मोलाची वाटते. पाचशे प्रतींचे खोके पलंगाखाली ठेवून दहा वर्षे झोपणारे लेखक आपण पाहिले आहेत. पण या सोयीभोवती जो 'पॅकेज'चा बाजार उभा राहिला आहे तो लेखकाची अधीरता विकतो. भारतात आयएसबीएन क्रमांक विनामूल्य मिळतो. तोही यादीत सेवा म्हणून मिरवलेला असतो.

पैशांचा हिशेब एकदा उघड मांडू या. समजा 240 पानांची डेमी कादंबरी, म्हणजे 15 फर्मे, 500 प्रती. छपाई-बांधणी प्रतीमागे 90 रुपये धरली तर 45,000. संपादनाला 20,000, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून आणखी 20,000. एकूण 85,000. छापील किंमत 300. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराला 40 टक्के दिले की हाती प्रतीमागे 180 येतात, तेही विकल्यावर आणि चार खेपा घातल्यावर. पाचशेच्या पाचशे प्रती गेल्या तरी हाती 90,000, म्हणजे शिल्लक पाच हजार. तीनशे गेल्या तर 31,000 खिशातून. थेट वाचकाला 240 रुपयांत पाठवावी तर टपालखर्च वजा होतो, आणि नोंदणीकृत बुकपोस्टची स्वस्त सोय डाकखात्याने डिसेंबर 2024 मध्ये बंद केली. हा हिशेब पाहिला की लेखकाचा हात पहिल्यांदा जातो तो संपादनाच्या वीस हजारांवर. मुखपृष्ठ कापले तर लगेच दिसते, कागद हलका घेतला तर बोटांना कळतो. संपादन कापले तर प्रकाशनसमारंभात कोणालाच कळत नाही. ते कळते वाचकाला, साठाव्या पानावर, आणि तो काही न बोलता पुस्तक मिटतो.

माझे म्हणणे इथे येऊन ठरते. स्वतः प्रकाशक होणारा कादंबरीकार प्रकाशकाच्या तावडीतून सुटत नाही, तो प्रकाशकाचे काम अंगावर घेतो. आणि त्या कामातले पहिले काम नकार देणे हे आहे. स्वतःच्या हस्तलिखिताला 'अजून नाही' म्हणता आले पाहिजे, आणि ते म्हणणारा माणूस पैसे देऊन घरात आणला पाहिजे. मित्र चालत नाहीत, ते कौतुक करतात.

माझ्या ओळखीच्या एक कादंबरीकार बाई सहकारी बँकेत नोकरी करतात. त्यांनी पहिली कादंबरी स्वतः काढली. छपाईला ठेवलेल्या पैशांतून आधी एका निवृत्त भाषाशिक्षकांना संपादनाचे मानधन दिले आणि प्रती पाचशेऐवजी दोनशे केल्या. सरांनी दोन प्रकरणे काढायला सांगितली, त्यांतले एक बाईंचे सर्वांत लाडके होते. महिनाभर त्या रुसल्या आणि मग त्यांनी ते काढले. विक्रीबाबत त्यांनी ठरवले की पहाटेचे दोन तास लेखनाचेच राहतील, त्यात फोन बंद. पार्सले, उधारीची वसुली, वाचनालयांना पत्रे हे सगळे रविवारी. तालुक्याच्या वाचनालयात बोलावणे आले तर त्या जातात, पुस्तकावर बोलतात, आणि दहा प्रती जरी गेल्या तरी कोण काय म्हणाले ते वहीत टिपून ठेवतात. पण दुसऱ्या कादंबरीच्या टेबलावर ती वही येऊ देत नाहीत. मला यात स्वप्रकाशित लेखकाचा खरा धोका आणि त्यावरचा उपाय दोन्ही दिसतात. ज्याला रोज वाचकाची दाद मोजावी लागते, तो हळूहळू दाद मिळेल तेच लिहू लागतो. प्रकाशक मध्ये असला की ही दाद गाळून, उशिरा पोचते. तो नसेल तर ते अंतर लेखकाने स्वतः राखायचे असते, आणि समाजमाध्यमांवर दिवसाला दोन पोस्टी टाका असे शिकवणाऱ्या शिबिरांत हे कोणी शिकवत नाही.

दोन्ही पक्षांकडे म्हणून माझी एकच मागणी आहे. पुस्तकाच्या मुद्रण-तपशिलाच्या पानावर संपादकाचे नाव छापा आणि छपाईचा खर्च कोणी केला तेही छापा. स्वतः काढणाऱ्या लेखकांनी छापावे, लेखकाकडून पैसे घेणाऱ्या प्रकाशनसंस्थांनीही छापावे. संपादक नसेल तर ती ओळ कोरी दिसू द्या. परीक्षकांनी, पुरस्कारसमित्यांनी आणि वाचनालयांच्या ग्रंथनिवड समित्यांनी ते पान वाचावे, मग पहिले प्रकरण वाचावे, आणि त्यानंतरच प्रत ठेवायची की परत करायची ते ठरवावे.