घराचा विमा घरमालकाला कळू द्या

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

महोदय,



१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी देणं आपल्या प्राधिकरणाने आगीचा विमा उतरवणाऱ्या सगळ्या कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २२ जुलैला, वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पूर आणि दरड ही दोन्ही संकटं या पॉलिसीच्या मूळ संरक्षणात आहेत, त्यांच्यासाठी जादा पैसे भरावे लागत नाहीत. पण चिखल उपसणाऱ्या चिपळूणच्या घरांतून तेव्हा एकच प्रश्न ऐकू येत होता: पंचनामा कधी होणार आणि सरकार किती देणार? आपला विमा आहे की नाही, हे विचारावं असं फारसं कुणाच्या मनातही आलं नाही.

सरकारची मदत किती असते, ते आपल्याला माहीत आहेच. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या निकषांनुसार पूर्ण कोसळलेल्या पक्क्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. राज्य सरकार कधी त्यात भर घालतं. एवढ्या पैशांत आज चिऱ्याच्या दोन खोल्याही उभ्या राहत नाहीत. तरीही हे पत्र मदत वाढवून मागण्यासाठी नाही. तुम्ही तयार केलेली पॉलिसी चांगली आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ती लोकांपर्यंत पोहोचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती न पोहोचण्याचं पहिलं कारण म्हणजे विम्याची रक्कम कशी ठरते, हे कुणी सांगतच नाही. डोंबिवलीत सत्तर लाखांचा फ्लॅट घेतलेल्या माणसाला वाटतं, विमाही सत्तर लाखांचाच काढावा लागणार आणि तो परवडणार नाही. पण त्या सत्तर लाखांत जमिनीची, स्टेशनपासूनच्या अंतराची, बिल्डरच्या नफ्याची किंमत आहे. यातलं काहीच आगीत जळत नाही. पॉलिसी विचारते ते एवढंच: चटई क्षेत्र किती, आणि तेवढं पुन्हा बांधायला चौरस मीटरला खर्च किती? समजा, क्षेत्र ६० चौरस मीटर आहे आणि खर्च ३० हजार. मग विम्याची रक्कम होते १८ लाख. हजार रुपयांच्या संरक्षणाला वर्षाला एक रुपया असा दर धरला, तरी हप्ता १,८०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटीचे ३२४. प्रत्यक्षातला दर बहुधा याहून कमीच निघतो. हा हिशेब एका मिनिटात समजतो, पण जाहिरातीत, बँकेत किंवा एजंटाच्या तोंडी तो क्वचितच सापडतो.

या पॉलिसीतल्या खऱ्या सवलतीही अशाच झाकलेल्या राहिल्या आहेत. आगीच्या जुन्या पॉलिसीत घराची रक्कम निम्मी दाखवली असेल, तर नुकसानभरपाईही निम्मीच मिळायची. ‘गृह रक्षा’त तुम्ही ती कात्री काढून टाकली. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामानसुमान यादी न देताही आपोआप विम्यात येतं. दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी घेता येते आणि रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपसूक वाढते. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची सोय आहे. हे सगळं २०२१ पासून लागू आहे. तरी आमच्या जिल्ह्यात एखाद्याला ते सांगितलं की तो विचारतो, ‘खरंच असं असतं?’

जे मिळणार नाही तेही इतक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. घराचा विमा म्हटलं की लोकांना आधी चोरी आठवते. पण या पॉलिसीत चोरी येते ती आग, पूर, वादळ अशा एखाद्या घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झाली तरच. एरवी कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. रोख रक्कम यात नाही. दागिने हवे असतील तर त्यांचं मूल्य आधी ठरवून ते जोडून घ्यावे लागतात. नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भरावाची जमीन खचणं, नदीने किंवा समुद्राने काठ खाणं, सदोष बांधकाम हे सगळं वगळलेलं आहे. कोकणात बरीच घरं डोंगर कापून केलेल्या भरावावर किंवा नदीकाठी आहेत. दरड कोसळली की भराव खचला, हा वाद इथे उद्या हमखास होणार. तो सर्व्हेअरच्या एका वाक्यावर सुटू नये. कोणत्या खुणांवरून दरड मानायची, हे आधीच लिहून ठेवा. आणि दरडीनंतर सरकारने ती जागाच राहण्यास धोकादायक ठरवली, तर भरपाईच्या पैशांतून घर दुसऱ्या जागी बांधता येईल का, याचं उत्तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापा. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी, असं वारंवार घडलेलं असताना हा प्रश्न किरकोळ म्हणता येणार नाही.

आता आमच्या गावांकडची सगळ्यात मोठी अडचण. घरपट्टीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. आजोबा जाऊन तीस-चाळीस वर्षं झाली. वाटण्या झालेल्या नाहीत. एक चुलता गावात राहतो, दुसऱ्याची मुलं विरारला, तिसऱ्याची ठाण्याला. बाकीचं घर उघडतं गणपतीत आणि शिमग्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीतली कौलं आणि पत्रे उडाले, तेव्हा अशी कितीतरी घरं महिनाभर तशीच उघडी पडली होती, कारण टाळेबंदीत मुंबईहून यायची सोय नव्हती. अशा घराचा विमा कोणी काढायचा? गावातल्या चुलत्याने हप्ता भरला तर दावा संपूर्ण घराचा मंजूर होणार, की त्याच्या हिश्शापुरता? बंद घराला संरक्षण कोणत्या अटींवर लागू राहतं? हे प्रश्न घेऊन कंपनीच्या शाखेत गेलं की समोरचा माणूस आधी सात-बारा मागतो. तो त्याच्या परीने बरोबरच असतो, कारण त्याला वरून काहीच सांगितलेलं नसतं. कोणत्याही एका सहहिस्सेदाराला सगळ्यांच्या वतीने पूर्ण घराचा विमा काढता यावा आणि भरपाई घराच्या दुरुस्तीसाठीच मिळावी, अशी सरळ तरतूद तुम्ही करू शकता. सुपारी-नारळाची बाग घराच्या विम्यात येत नाही, हेही त्याच वेळी सांगितलं तर नंतर कुणाची फसगत होणार नाही.

शहरात दुसरा घोटाळा होतो. गृहकर्ज घेताना बँकेत ‘इन्शुरन्स’च्या नावाने एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला जातो. बऱ्याचदा ते कर्जदाराच्या आयुष्याचं संरक्षण असतं. तो गेला तर कर्ज फिटतं, घर जळलं तर काही मिळत नाही. घरातली माणसं मात्र वीस वर्षं समजत राहतात की आपल्या घराचा विमा आहे. कर्जाच्या कागदांत हे दोन विमे दोन वेगळ्या पानांवर, वेगळ्या सह्यांनिशी असावेत. बँकांसाठी ही सूचना रिझर्व्ह बँकेकडून निघायला हवी, पण मागणी तुमच्याकडून गेली तर तिला वजन येईल. सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये जिना, लिफ्ट, गच्ची, पाया यांचा विमा संस्थेने काढायचा असतो. तो कितीचा आहे, हे वार्षिक सभेत कुणी विचारतही नाही.

आपण २०४७ पर्यंत सर्वांना विमा हे ध्येय ठेवलं आहे. आरोग्य आणि आयुर्विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, घराच्या विम्यावर तो १८ टक्के कायम आहे. तोही काढावा अशी शिफारस आपण जीएसटी परिषदेकडे करावी. दाव्यांसाठी तुम्ही २०२४ साली घालून दिलेली मुदत उत्तम आहे: कळवल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेअर, पंधरा दिवसांत त्याचा अहवाल, पुढच्या सात दिवसांत निर्णय. पण पूर येतो तेव्हा अख्खा तालुका एकाच दिवशी दावा करतो. त्या वेळी ही मुदत कशी पाळणार, याची जिल्हावार तयारी कंपन्यांकडून लेखी घ्या.

आणि एक पानाचं मराठी माहितीपत्रक काढा. त्यात वरचा चटई क्षेत्राचा हिशेब असावा, काय मिळतं आणि काय मिळत नाही हे असावं, तक्रारीसाठी विमा लोकपालाचा पत्ता असावा. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या मागणी बिलासोबत ते प्रत्येक घरी जाऊ शकतं. हे मे महिना संपायच्या आत व्हावं, कारण जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर काढलेला विमा आधीच्या नुकसानीला उपयोगी पडत नाही.

आपली,
एक घरमालक
चिपळूण, जि. रत्नागिरी