सोळामागे एक

एकत्र निघालं की स्वस्त पडतं, हे आपण गृहीत धरतो. घाऊक बाजारात भाजी घेताना ते खरं असेल, पण जहाजाच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. गेले तीन महिने आमच्या घरातल्या २२ जणांच्या मुंबई–गोवा–मुंबई क्रूझचा हिशेब माझ्याकडे आहे, त्यामुळे हे मी वहीत बघून सांगते. ग्रुप म्हणून मिळालेली सूट आमच्या एकूण बचतीत सगळ्यात छोटी निघाली. बाकीचे पैसे वाचले ते कोण कुणाबरोबर झोपणार आणि कुठल्या वारी निघणार, हे आधी ठरवल्यामुळे.

पुतण्याचा पहिला प्रस्ताव सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझचा होता. आम्ही बडोद्याचे, शिवाय इंदूर, हैदराबाद आणि बेळगाव अशा चार गावांची माणसं. म्हणजे २२ विमान तिकिटं, व्हिसे, विमा, आणि यातल्या पाच जणांचे पासपोर्ट अजून व्हायचे. वर परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो खर्च नाही, विवरणपत्र भरलं की वळता होतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. त्याचा दर बऱ्याचदा बदलला आहे, म्हणून त्या वेळचा दर विचारूनच घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी परदेशी क्रूझ करणार असेल तर सगळ्या घराचे पैसे एकाच्या पॅनवर भरू नका. प्रत्येक घराचं बिल वेगळं आणि पॅन वेगळा ठेवा. कौतुकानं 'मी भरतो सगळ्यांचे' म्हणणाऱ्या काकांना पुढे वर्षभर परताव्याची वाट बघावी लागते.

लक्षद्वीपचाही विचार झाला. पण तिथे प्रवेशाचा परवाना लागतो आणि मोठ्या जहाजातून छोट्या होडीत उतरून किनारा गाठावा लागतो. सासूबाई ८१ वर्षांच्या. माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे लहानपणी मुंबईहून आगबोटीनं गेलेल्या, डेकवर वळकटी पसरून. वेंगुर्ल्याला बोट लांब उभी राहायची आणि पडावानं किनाऱ्यावर यावं लागायचं. त्यांचा एकच प्रश्न होता, "पडावात उतरायचं आहे का? असेल तर मी घरी बरी." मुरगावला जहाज धक्क्याला लागतं, म्हणून गोवा.

आता खोल्यांचं गणित. क्रूझचं भाडं खोलीत दोन माणसं धरून ठरतं. ती दोघं पूर्ण भाडं भरतात, त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला बरंच कमी पडतं. एकटा माणूस खोली घेईल तर त्याला जवळपास दोघांचं भाडं बसतं. समजायला सोपे आकडे घेऊ. पूर्ण भाडं २०,००० आणि तिसऱ्या-चौथ्याचं १०,००० असं धरा. २२ जण दोन-दोन करून ११ खोल्यांत घातले तर ४,४०,००० होतात. तेच दोन खोल्यांत आई-बाप आणि दोन-दोन मुलं अशी चौघं आणि सात खोल्यांत दोघं घातले, तर नऊ खोल्यांत १८ पूर्ण भाडी आणि चार कमी भाडी, म्हणजे ४,००,०००. फोनवर घासाघीस न करता ४०,००० वाचले.

पण चौघांच्या खोल्या जहाजावर मोजक्या असतात आणि त्या आधी संपतात. शिवाय जहाजावर एकूण माणसं किती घ्यायची याला बचाव नौकांची मर्यादा असते, त्यामुळे खोली शिल्लक दिसली तरी त्यात तिसरा-चौथा माणूस घ्यायला कधी कधी नकार येतो. 'शेवटच्या क्षणी स्वस्त मिळतं' हे ऐकीव ज्ञान दोघांच्या जोडप्याला ठीक आहे. २२ जणांनी त्याच्या नादी लागू नये. वरचे दोन पलंग भिंतीतून खाली उघडणारे असतात आणि शिडीनं चढावं लागतं, म्हणून तिथे मुलंच.

मग बाल्कनी. सहा घरांना बाल्कनीची खोली हवी होती. आमच्या कोटेशनमध्ये फरक माणशी ८,००० चा होता, म्हणजे सहा खोल्यांचे ९६,०००. दोन रात्रींच्या प्रवासात माणूस खोलीत असतो किती? जेवण बाहेर, कार्यक्रम बाहेर, गोव्यात एक दिवस जमिनीवर. शेवटी हैदराबादच्या भाच्यानं एक बाल्कनी स्वतःच्या खर्चानं घेतली आणि बाकी सगळ्यांनी आतल्या, बिनखिडकीच्या खोल्या घेतल्या. संध्याकाळी चहा घेऊन त्याच्याकडे जायचं, असं त्याच्या बायकोला न विचारता ठरलं आहे. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोलीच चांगली, कारण तिथे डोलणं कमी जाणवतं. त्याच खोल्या सहसा स्वस्त असतात.

तारखेवरून मात्र खरी भांडणं झाली. आपल्यासारख्या सीमेपलीकडच्या घरांचा हा खास प्रश्न आहे, पुण्या-मुंबईच्या लोकांना तो कळायचा नाही. गुजरातेत शाळांना दिवाळीची २१ दिवस सुट्टी. तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याला. कर्नाटकातही दसऱ्यालाच. सगळ्यांना जमणारा काळ मे महिना, आणि तो साऱ्या देशालाच जमतो म्हणून महाग. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, तेव्हा त्याचं नाव नको.

तोड निघाली ती बडोद्याच्या बाजाराकडे बघून. दिवाळी ते लाभपाचम इथली दुकानं बंद असतात आणि सगळा गुजरात फिरायला निघतो. त्या पाच-सहा दिवसांत हॉटेल, गाडी, जहाज, कशालाही हात लावू नये. लाभपाचमीला मुहूर्त करून दुकानं उघडली की गर्दी ओसरते, पण शाळा आणखी आठ-दहा दिवस बंदच असतात. आम्ही त्या आठवड्यातली सोमवार ते बुधवारची फेरी धरली. शुक्रवारच्या फेरीपेक्षा पूर्ण भाड्यात माणशी ३,००० कमी, म्हणजे १८ जणांचे ५४,०००. हैदराबादची मुलं तीन दिवस शाळा बुडवतील. एक तिसरीत आहे, एक पाचवीत. काही बिघडत नाही.

कोटेशन मागताना एक गोष्ट घासून बघा. एका एजंटनं पाठवलेला आकडा इतका गोड होता की पुतण्या लगेच आगाऊ रक्कम भरायला निघाला. त्यात बंदर शुल्क नव्हतं, जहाजावरचं सेवाशुल्क नव्हतं, जीएसटीही नव्हता. 'मुलं मोफत' असंही मोठ्या अक्षरात होतं, पण मोफत फक्त भाडं. बंदर शुल्क आणि कर मुलांवरही लागतातच. म्हणून दोन एजंटांकडून एकाच दिवशी, एकाच फेरीचा, एकाच प्रकारच्या खोलीचा, सगळं धरून खोलीमागे किती, असा लेखी आकडा घ्या. शिवाय कंपनीची त्या वेळची चालू सवलत काय आहे ते बघा. ग्रुपचा दर आणि अशी सवलत सहसा एकत्र मिळत नाही, आणि कधी कधी नऊ खोल्या सुट्या-सुट्या घेतलेल्याच स्वस्त पडतात. ग्रुपचा फायदा वेगळा असतो. थोडी रक्कम भरून खोल्या राखून ठेवता येतात आणि नावं ठरलेल्या मुदतीपर्यंत नंतर देता येतात. चार गावांच्या घराला ही सवड पैशाइतकीच मोलाची आहे.

गळतीची सोयही आधीच करावी. २२ जणांत कुणाची परीक्षा निघेल, कुणाच्या घरी लग्न ठरेल, कुणाकडे गोड बातमी असेल. गरोदरपण पुढे गेलं असेल तर जहाजावर घेत नाहीत, ती मर्यादा कंपनीकडून आधीच विचारून घ्यावी. तारीख जवळ येते तशी रद्द करण्याची कपात वाढत जाते, आणि दोघांच्या खोलीतला एक गळाला तर उरलेल्यावर एकट्याचं भाडं बसू शकतं. आमच्याकडे नियम असा: प्रत्येक घरानं आपले पैसे आपल्या खात्यातून भरायचे, आणि वर घरटी २,००० एका डब्यात टाकायचे. आजारपणानं कुणी थांबलं तर कपात आधी डब्यातून, मग त्या घराकडून. नुसता बेत बदलला तर ज्याचं त्यानं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

बेळगावच्या काकू, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, ७४ वर्षांच्या. काका जाऊन नऊ वर्षं झाली. तुटपुंजं कुटुंब निवृत्तिवेतन आणि खालच्या खोलीचं भाडं, यावर त्यांचं चालतं. क्रूझचं कळल्यावर त्यांनी पहिल्याच फोनला सांगितलं, "अगं, मला बोट लागते. तुम्ही जाऊन या." काकू आयुष्यात कधी बोटीत बसलेल्या नाहीत. आपल्या घरांत 'परवडत नाही' हे वाक्य कुणी उच्चारत नाही. त्याऐवजी गुडघे दुखतात, बोट लागते, घराला कुलूप लावून कसं यायचं असतं. मुलांनो, सहलीचा खर्च काढताना ग्रुपवर 'माणशी इतके, शुक्रवारपर्यंत पाठवा' असा मेसेज टाकता ना, तेव्हा असा एखादा गुडघा कुठेतरी दुखायला लागतो.

डोईवर समान वाटणी मला म्हणूनच पटत नाही. बाल्कनीवाल्यानं बाल्कनीचे भरावेत, चौघांच्या खोलीचा फायदा त्या चौघांना मिळावा, आणि उरलेल्यांनी आपापल्या खोलीचे भरावेत. काकूंना एकट्याची खोली घ्यावी लागणार नाही, हे पहिलं बघितलं. त्या आणि सासूबाई एका खोलीत. दोघी जावा, पटतं दोघींचं, घोरतातही दोघी.

तरी २०,००० उरत होतेच. इथे जहाज व्यवसायातली एक जुनी पद्धत कामाला आली. मोठ्या ग्रुपला साधारण १६ पूर्ण भाड्यांमागे एक भाडं माफ मिळतं. प्रत्येक कंपनी देते असं नाही, प्रत्येक फेरीला असतंही नाही, आणि मागितल्याशिवाय तर कुणीच सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्याची कमी भाडी त्यात मोजत नाहीत. आमची पूर्ण भाडी १८, म्हणून एजंटला विचारलं. दोन दिवस लावून त्यानं एक भाडं माफ करून आणलं. बंदर शुल्क आणि कर मात्र भरायचेच.

ही जागा कुणाची? रीतीप्रमाणे ग्रुप जमवणाऱ्याची, आणि पुतण्यानं अर्धं जग फोन करून जमवलं होतं. इंदूरचे दीर म्हणाले, सगळ्यांत वाटून टाका. २०,००० भागिले २२ म्हणजे माणशी ९०९ रुपये. त्यात बोटीवरची दोन कॉफीची बिलं निघाली असती, एवढंच. पुतण्यानंच सुचवलं, ज्येष्ठांच्या खोलीला देऊ. सासूबाईंचं भाडं त्यांचे दोन मुलगे भरतायतच, म्हणजे माफी आपोआप दुसऱ्या पलंगाला.

काकूंना फोन मी केला. "काकू, तुम्हाला फक्त बंदर शुल्क आणि कर भरायचा आहे. भाडं जहाजवाल्यांनी सोडलंय."

"सगळ्यांना सोडलं?"

"नाही, सोळामागे एकाला."

पलीकडे जरा शांतता. "आणि ती एक मीच कशी गं?"

"तुम्ही आणि आई ज्येष्ठ. आईंचं मुलांनी भरलंय."

"बरं," म्हणाल्या, "मग डब्यातले २,००० मी देणार. ते कुणी सोडायचे नाहीत." दुसऱ्या दिवशी नातवाच्या फोनवरून बंदर शुल्क, कर आणि २,००० असे पैसे आले, रुपयासकट बरोबर. बोट लागण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

उरलेलं थोडं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणून जहाज आधी आणि गाडी नंतर. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, तेव्हा कोण कुणाच्या तिकिटावर ते आजच लिहून ठेवलंय. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका. आम्ही मुंबईत एक दिवस आधी पोचून नातेवाइकांकडे उतरणार. जहाजाचं चढणं सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि उशिरा आलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. मुरगावला जहाजाची सहल न घेता फोंड्याच्या भाचीनं ठरवून दिलेली मिनीबस घेणार, मंगेशी करून परत. पण जहाज स्वतःच्या सहलीसाठी थांबेल, आपल्या मिनीबससाठी नाही, म्हणून परतीची वेळ दोन तास आधीची धरली आहे. मुलांच्या खोलीच्या कार्डावर खर्चाची सोय बंद ठेवायला सांगितलंय. सरबतं, फोटो आणि खेळ यांतच बिल फुगतं.

घरी शिजवलेलं सहसा जहाजावर नेऊ देत नाहीत. हे कळल्यापासून काकूंनी दोनदा विचारलंय की बेळगावचा कुंदा दुकानातून सीलबंद डब्यात आणला तर चालेल का, आणि २२ जणांना दोन किलो पुरेल का. एजंटला ईमेल केली आहे. तीन किलो सांगितलाय.